चालण्यासाठी पैसे: कार्यालयात आर्थिक प्रोत्साहनाची योजना कशी आखावी

सकाळी कंपनीच्या बसने यायचे, आठ-नऊ तास खुर्चीत बसायचे, त्याच इमारतीत जेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा बस पकडायची, असा दिवस काढणाऱ्या माणसाची पावले तीन-चार हजारांवरच अडतात. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ ही किमान पातळीही गाठत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के. ही माणसे आळशी आहेत असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या दिवसाची घडणच अशी झाली आहे की चालण्याला त्यात जागा उरलेली नाही, आणि ही घडण बऱ्याच अंशी कार्यालयाने ठरवलेली असल्यामुळे ती बदलण्याचा थोडा खर्चही कार्यालयाने उचलावा, हे मला रास्त वाटते.

मात्र पैशाकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. पैशाने सवय विकत मिळत नाही. पैशाने सुरुवात मिळते, आणि काही आठवडे टिकून राहण्याचे कारण मिळते. त्या आठवड्यांत चालण्याची वेळ, वाट आणि सोबत ठरून गेली तर पुढचे काम त्यांच्याकडून होते. म्हणून योजना आखताना रक्कम किती हा प्रश्न दुय्यम मानावा. ती कोणत्या रूपात द्यायची, कोणाला कशाबद्दल द्यायची आणि थांबवायची कशी, या प्रश्नांवर अधिक वेळ घालवावा.

बक्षीस नको, हातची रक्कम हवी

बहुतेक कार्यालये पहिल्या वेळी स्पर्धा ठेवतात. आमच्याकडेही तेच झाले होते: महिनाभर सर्वाधिक पावले चालणाऱ्या तिघांना मोठी बक्षिसे. पहिल्या आठवड्यात सगळेच उत्साहाने जिने चढत होते. दुसऱ्या आठवड्यात यादीच्या वरच्या टोकाला दोन जण दिसू लागले, जे आधीपासून मॅरेथॉनची तयारी करत होते. तिसऱ्या आठवड्यात बाकीच्यांनी ॲप उघडणे सोडून दिले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसे झाले, आणि त्यात दोष सहभागी झालेल्यांचा नव्हता. ज्याला चालण्याची सर्वाधिक गरज आहे त्याला जिंकण्याची काहीच शक्यता नसेल, तर ती योजना त्याच्यासाठी नसतेच.

पैसे कोणत्या रूपात द्यावेत याचे उत्तम उत्तर अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून मिळते. तेथील २८१ कर्मचाऱ्यांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग साधा होता. सहभागी सर्व जण जास्त वजनाचे होते आणि दिवसाला ७,००० पावले हे लक्ष्य सर्वांना सारखे होते. एका गटाला रोज फक्त आपली प्रगती कळत असे. दुसऱ्याला लक्ष्य गाठलेल्या प्रत्येक दिवसाबद्दल १.४० डॉलर मिळत. तिसऱ्याला साधारण तेवढ्याच मोलाच्या रोजच्या सोडतीत भाग घेता येई. चौथ्या गटाच्या खात्यात मात्र महिन्याच्या पहिल्या दिवशीच ४२ डॉलर जमा दाखवले जात आणि लक्ष्य हुकलेल्या प्रत्येक दिवशी त्यातून १.४० डॉलर वजा होत. हिशेब केला तर दुसऱ्या आणि चौथ्या गटाचा व्यवहार अगदी एकच आहे. तरीही तेरा आठवड्यांत लक्ष्य गाठलेल्या दिवसांचे प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के, रोज पैसे मिळवणाऱ्यांत ३५, सोडतवाल्यांत ३६ आणि पैसे बुडू शकणाऱ्या गटात ४५ टक्के निघाले. नुसती प्रगती पाहणाऱ्या गटापेक्षा ठळकपणे पुढे गेला तो हा शेवटचा गट. मिळकत हुकल्याचे मनाला फारसे लागत नाही. हातातले बुडाले की लागते.

हीच रचना आपल्याकडे उतरवायची तर दिवसाला २५ रुपये धरावेत. महिन्याच्या १ तारखेला प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या नावे ७५० रुपये जमा दिसावेत आणि हुकलेल्या प्रत्येक दिवसाचे २५ रुपये कमी होत जावेत. महिन्याअखेर जे उरेल ते त्याचे. रोज सकाळी जाणारा निरोप छोटा आणि नेमका असावा. उदाहरणार्थ: ‘काल ६,४१० पावले झाली, ५९० कमी पडली. खात्यातून २५ रुपये वजा झाले. ६२५ रुपये अजून तुमचे आहेत.’ या निरोपात उपदेश नाही, शाबासकीही नाही. रक्कम, अंतर आणि उरलेली शिल्लक एवढेच आहे, आणि तो दुसऱ्याच दिवशी पोचतो. महिनाभराचा हिशेब एकदम कळवला तर रचनेचा जीवच जातो, कारण बुडालेल्या पैशाचा संबंध न चाललेल्या संध्याकाळशी जुळत नाही.

येथे कायद्याचे एक बंधन कटाक्षाने पाळले पाहिजे. हे वजा होणारे पैसे कधीही पगारातले नसावेत. वेतनातून कोणत्या कपाती करता येतात हे कायद्याने ठरवून दिलेले आहे आणि चालले नाही म्हणून कपात हे कारण त्यात बसत नाही. रक्कम कंपनीने वेगळ्या तरतुदीतून, पगाराच्या वर द्यायची, आणि योजनेच्या पत्रकात तसे स्वच्छ लिहायचे. रोख दिलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, तर वस्तू किंवा गिफ्ट व्हाउचर यांना वार्षिक मर्यादेपर्यंत सवलत असते. ही मर्यादा बरीच वर्षे ५,००० रुपये होती. कामगिरीवर मिळणारी रक्कम भेट मानली जाईल की पगाराचा भाग, आणि चालू वर्षाची मर्यादा कोणती, हे लेखा विभागाने कर सल्लागाराकडून आधीच लेखी घ्यावे. तीन महिन्यांनी कोणाच्या पगारपत्रकात अनपेक्षित कर दिसला, तर चालण्याचे सगळे पुण्य त्या एका ओळीत वाहून जाते.

लक्ष्य ज्याचे त्याचे

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावलेमोजणी यंत्राचे नावच ‘दहा हजार पावलांचा मोजक’ अशा अर्थाचे होते आणि तेथून तो जगभर पसरला. पंधरा अभ्यासांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार अकाली मृत्यूचा धोका साठीच्या आतील लोकांत सुमारे ८,००० ते १०,००० पावलांपर्यंत आणि साठीच्या पुढील लोकांत ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत कमी होत जातो. त्यानंतर ही घट जवळजवळ थांबते. यातून कार्यालयाने घ्यायचा धडा असा, की तीन हजारांवरून पाच हजारांवर आलेल्या माणसाचा फायदा खरा आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

म्हणून योजना जाहीर करण्यापूर्वी दोन आठवडे नुसती मोजणी करावी. या काळात लक्ष्य नाही, पैसे नाहीत. कल्याणहून लोकल पकडून येणारा माणूस स्थानकाचे जिने आणि फलाट यांतूनच बरीच पावले जमवतो, तर हिंजवडीला कंपनीच्या बसमधून दारात उतरणाऱ्याला ती संधी मिळत नाही. दोघांना एकच लक्ष्य दिले तर एकाला फुकट पैसे मिळतील आणि दुसरा पहिल्याच आठवड्यात हात टेकेल. दोन आठवड्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून त्यातला मधला आकडा घ्यावा, सरासरी घेऊ नये, कारण एखाद्या दिवसाच्या गडकोटांच्या भटकंतीने सरासरी फुगते. त्या मधल्या आकड्यात दीड ते दोन हजारांची भर घालावी. जोमदार चालीने मिनिटाला साधारण शंभर पावले पडतात, म्हणजे ही भर पंधरा-वीस मिनिटांची आहे, आणि तेवढा वेळ दिवसात शोधता येतो. ज्याची नेहमीची पावले आधीच आठ हजारांच्या वर आहेत, त्याला ती टिकवल्याबद्दल तीच रक्कम द्यावी. त्याला अधिक धावायला लावण्यात कार्यालयाचे किंवा त्याचे काही हित नाही.

मोजणी कशाने करायची यावर थोडे थांबायला हवे, कारण अन्याय बहुधा येथेच होतो. आमच्या मजल्यावरील एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, जेवणानंतर रोज तिघी-चौघींबरोबर इमारतीला दोन फेऱ्या मारत असत. तरी ॲपमध्ये त्यांची पावले दोन हजारांच्या आसपासच दिसत. कारण साधे होते. साडीला किंवा बऱ्याचशा कुर्त्यांना खिसा नसतो, त्यामुळे त्यांचा फोन त्या वेळी टेबलावर चार्जिंगला असे आणि फेऱ्या मारणारे पाय त्याला दिसत नसत. खिशात फोन ठेवून फिरणाऱ्या पुरुषांची मात्र पाणी प्यायला उठल्याचीही नोंद होत होती. पैसे फोनवरील मोजणीवर अवलंबून असतील तर हा फरक थेट स्त्रियांच्या रकमेतून कापला जातो. म्हणून सर्व सहभागींना एकाच प्रकारचा साधा मनगटी पट्टा कंपनीने द्यावा, आणि तेवढी तरतूद नसेल तर रोजची रक्कम कमी करून ती त्यासाठी वापरावी. दिवसभर मनगटावर राहणाऱ्या पट्ट्यामुळे फोन दुसऱ्याच्या खिशात देऊन पावले वाढवण्याचा मोहही बराच कमी होतो. तरीही एखाद्या दिवशी कोणाच्या नावावर तीस-चाळीस हजार पावले दिसली तर चारचौघांत विचारू नये. बाजूला घेऊन शांतपणे विचारावे. रोजची रक्कम लहान असण्याचा हाही एक फायदा आहे, की पंचवीस रुपयांसाठी खोटे करण्याची इच्छा सहसा होत नाही.

ज्यांना चालणे शक्य नाही किंवा योग्य नाही, त्यांच्यासाठी पर्याय पहिल्या दिवशीच पत्रकात असावा, कोणी मागितल्यावर देण्याची वेळ येऊ नये. गुडघ्यांचा त्रास असलेल्याला पोहणे किंवा सायकल, चाकाच्या खुर्चीवर असलेल्याला हातांचा व्यायाम, गरोदर स्त्रीला डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, आणि ज्याला सूर्यनमस्कार आवडतात त्याला सूर्यनमस्कार, या सर्वांसाठी दिवसाला वीस मिनिटे हेच लक्ष्य धरून स्वतः केलेली नोंद मान्य करावी. हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर येणे यांचा इतिहास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे स्पष्ट लिहावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा भेदभावाला मनाई करतो, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवे होते.

खाडा आणि सोबत

महिन्यातले चार-पाच दिवस हुकणारच: मुलाला ताप येतो, कामाची मुदत असते, पाहुणे येतात. एक दिवस हुकणे हे फार मोठे नुकसान नाही. खाड्याला खाडा जोडला गेला की माणूस सुटतो. अमेरिकेतील एका व्यायामशाळा साखळीच्या ६१,००० हून अधिक सदस्यांवर चार-चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम एकाच वेळी राबवून पाहण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यांत सर्वांत पुढे राहिलेल्या कार्यक्रमात, एखादा दिवस चुकल्यानंतर पुन्हा येणाऱ्याला अवघ्या ९ सेंटच्या मोलाचे जादा गुण मिळत होते. आपल्या योजनेत हे सहज बसवता येते: हुकलेल्या दिवसानंतर लगेच दुसऱ्या दिवशी लक्ष्य गाठले तर बुडालेल्या २५ रुपयांपैकी १० रुपये परत जमा करावेत. रक्कम नगण्य आहे, परंतु ‘काल राहिले, आज भरून काढता येते’ ही जाणीव नगण्य नाही.

सोबतीचा उपयोग करून घ्यावा, पण तिचे ओझे होऊ देऊ नये. याच पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३०४ कर्मचाऱ्यांचे चार-चार जणांचे गट करून पाहिले. चौघांनीही लक्ष्य गाठले तरच पैसे, ही अट असलेल्या गटांत काहीच वाढ दिसली नाही. स्वतःच्या कामगिरीचे थोडे आणि प्रत्येक सोबत्याच्या कामगिरीचे थोडे, अशी मिश्र रचना सर्वांत प्रभावी ठरली; लक्ष्य गाठलेल्या दिवसांचे प्रमाण तिच्यात ३५ टक्के आणि काहीच न मिळणाऱ्या गटात १८ टक्के होते. पहिल्या अटीत एकाच्या आजारपणाची शिक्षा तिघांना होते आणि त्या एकाला जेवणाच्या टेबलावर अपराध्यासारखे बसावे लागते. दुसऱ्या अटीत कोणी हाक मारली तर दोघांचाही फायदा होतो. आपल्याकडे चौघांचा गट साप्ताहिक हिशेबाने ठेवावा आणि सोबत्याने आठवड्यात पाच दिवस लक्ष्य गाठले तर इतरांना दहा-दहा रुपये द्यावेत. गट ठरवताना साहेब आणि त्यांच्या हाताखालचे एकत्र घालू नयेत.

वेळ, माहिती आणि खर्च

अर्ध्या तासाची जेवणाची सुटी आणि सलग बैठका तशाच ठेवून पैसे देणे म्हणजे ज्याला वेळ आहे त्यालाच पैसे देणे होय. योजनेच्या काळात जेवणाची सुटी पंधरा मिनिटांनी वाढवावी, तासाच्या बैठका पन्नास मिनिटांच्या कराव्यात, जिन्यातले दिवे आणि दरवाजे नीट करून घ्यावेत. विभागप्रमुख स्वतः चालताना दिसले तर बाकीच्यांना खुर्ची सोडताना संकोच वाटत नाही. सुरुवात जून ते सप्टेंबर या महिन्यांत कधीही करू नये. मुंबई-पुण्याच्या पावसात पहिल्या पंधरवड्यातच अर्धी माणसे गळतील. दिवाळी उरकल्यानंतरचे तेरा आठवडे सर्वांत सोयीचे, कारण हवा थंड असते आणि मार्चअखेरची धावपळ सुरू होण्याआधी योजना पूर्ण होते.

पावलांची नोंद ही व्यक्तीच्या आरोग्याची माहिती आहे, तेव्हा ती कशासाठी घेतो, कोण पाहतो आणि कधी पुसून टाकतो हे मराठीत लिहून संमती घ्यावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही हेच सांगतो. रोजचा आकडा फक्त त्या व्यक्तीला दिसावा, गटाला आठवड्याचा निकाल दिसावा, आणि वरिष्ठांना तसेच वार्षिक मूल्यमापन करणाऱ्यांना काहीही दिसू नये. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असावा आणि न येणाऱ्याला कारण विचारू नये. कंत्राटी सुरक्षारक्षक आणि साफसफाई करणाऱ्या मावशी यांना योजनेतून वगळण्याची प्रथा मला फार खटकते. त्यांची पावले बहुधा आपल्यापेक्षा जास्तच असतात. ती टिकवल्याची रक्कम त्यांनाही मिळावी.

खर्चाचा अंदाज अवघड नाही. समजा शंभर जणांच्या कार्यालयातून साठ जण आले, तर दरमहा ७५० रुपयांप्रमाणे तीन महिन्यांची कमाल रक्कम १,३५,००० रुपये होते, आणि तेवढी बाजूला काढून ठेवलीच पाहिजे. लक्ष्य गाठलेल्या दिवसांचे प्रमाण वरच्या प्रयोगाप्रमाणे ४५ टक्क्यांच्या आसपास राहिले, तर प्रत्यक्षात साधारण ६१,००० रुपये जातील. खाड्यानंतरची परतफेड, गटाचे पैसे आणि पट्टे वेगळे धरावेत.

पैसे थांबवण्याची तयारी

हा भाग योजनेच्या पहिल्या कागदातच असावा. पेन्सिल्व्हेनियाच्या पहिल्या प्रयोगात पैसे थांबल्यानंतरच्या तेरा आठवड्यांत चारही गटांतला फरक मावळला. सिंगापूरमध्ये १३ संस्थांतील ८०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या, २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही रोख पैसे मिळणारा गट सहा महिने सर्वांत पुढे होता, पण पैसे बंद होऊन आणखी सहा महिने गेल्यावर ती आघाडी राहिली नाही. वजन किंवा रक्तदाब यांतही सुधारणा आढळली नाही. म्हणजे एका झटक्यात थांबवले तर कमावलेले बरेचसे हातून जाते.

यावर एक आशादायक उपाय अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या सुमारे हजार कर्मचाऱ्यांवरील प्रयोगातून मिळतो, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कंपनीच्या व्यायामशाळेत येण्याचे १० डॉलर, आठवड्यात जास्तीत जास्त तीन वेळा, असे चार आठवडे दिले. त्यानंतर काहींना स्वतःचे पैसे पणाला लावण्याची मुभा दिली: पुढचे दोन महिने येण्यात सलग चौदा दिवसांहून मोठा खंड पडला तर ती रक्कम धर्मादाय कार्याला जाईल. ही मुभा मिळालेल्यांत पैसे थांबल्यावरही परिणाम अधिक काळ टिकला. आपल्याकडे दहाव्या आठवड्यापासून कंपनीची रोजची रक्कम २५ वरून १५ आणि मग ५ रुपयांवर आणावी, आणि तेराव्या आठवड्यात प्रत्येकाला विचारावे की मिळवलेल्या पैशांतून दोन-तीनशे रुपये पुढच्या दोन महिन्यांसाठी पणाला ठेवायचे आहेत का. थोडेच जण हो म्हणतील. त्या प्रयोगातही मुभा घेणारे थोडेच होते. सक्ती मुळीच करू नये. बुडालेली रक्कम कोठे जाईल हे सहभागींनी ठरवावे, आणि ती कंपनीकडे परत येऊ नये, नाहीतर विश्वास उडतो.

शेवटी मोजणी प्रामाणिकपणे व्हावी. इलिनॉय विद्यापीठातील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवरील अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवून दिले की अशा कार्यक्रमांत स्वतःहून येणारे लोक आधीपासूनच अधिक निरोगी असतात, त्यामुळे आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना करून ‘योजनेमुळे वैद्यकीय खर्च घटला’ असे म्हणणे चुकीचे ठरते. शक्य असल्यास नाव दिलेल्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पहिल्या फेरीत आणि उरलेल्यांना पुढच्या फेरीत घ्यावे. मोजणीचे पट्टे मात्र दोघांनाही सुरुवातीपासून द्यावेत, म्हणजे खरी तुलना करता येते. आकडे तेराव्या आठवड्यात पाहावेत आणि पुन्हा सव्विसाव्या आठवड्यात, जेव्हा पैसे थांबून तीन महिने झालेले असतील. व्यवस्थापनापुढे ठेवायचा आकडा हा दुसरा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा योजना घेतली तर दोन आठवड्यांची नुसती मोजणी नव्याने करावी, कारण ज्यांची पावले वाढून टिकली आहेत त्यांचे जुने लक्ष्य एव्हाना त्यांच्या नेहमीच्या दिवसात बसलेले असते.